बैल पाहून ओझें: इन्व्हर्टर व चार्जर जनरेटरशीं जुळविण्याचा पाठ

वाचकहो, पूर्वी वीज गेली म्हणजे दिवा गेला, एवढाच तिचा अर्थ गांवांत होता. आतां तसें राहिलें नाहीं. आतां वीज जाते तेव्हां नळाचें पाणी थांबतें, संकलन-केंद्रांतील दूध थंड ठेवणारें यंत्र थांबतें, शाळेंतील संगणक थांबतो. आणि ज्या घरांत एखादें वृद्ध माणूस फुप्फुसाच्या दुखण्यामुळें ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे, त्या घरांत वीज जाणें ही नुसती अडचण न राहतां जिवाची गोष्ट होऊन बसते. म्हणून पुष्कळ कुटुंबांनीं, शाळांनीं व दवाखान्यांनीं इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली आहे, व वीज फार वेळ न आल्यास कामास यावा म्हणून लहानसा जनरेटरहि आणिला आहे.

पैसा खर्च झाला, यंत्रें आलीं. परंतु ऐन वेळीं जनरेटर घुसमटून बंद पडतो, अथवा तो रात्रभर चालूनहि बॅटरी रिकामीच राहते. मग कोणी जनरेटरास दोष देतो, कोणी बॅटरीस, कोणी विकणाऱ्यास. वास्तविक पाहतां पुष्कळदां तिन्ही वस्तु चांगल्या असतात. उणीव असते ती त्यांच्या जुळणींत. ही जुळणी कशी करावी, कोणता आंकडा कोठें ठेवावा आणि तो कां, हें आजच्या पाठांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे. यांत अवघड गणित नाहीं. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणासहि हें समजण्याजोगें आहे.

१. आपल्या जिल्ह्याची स्थिति

अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर असें झालें आहे. या जिल्ह्यानें विजेच्या कामीं पुष्कळ गोष्टी प्रथम करून पाहिल्या आहेत. श्रीरामपूर येथील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ सालीं स्थापन झाली व ती देशांतील अगदीं आरंभींच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकीं एक होती. २०११ सालीं तिच्या टापूंतील वीजवांटप महावितरण कंपनीकडे आलें. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत राज्यांत भारनियमनाचा काळ आला, तेव्हां खेड्यांनीं रोज कित्येक तास अंधारांत काढिले, आणि घरोघरीं इन्व्हर्टर शिरला तो त्याच दिवसांत. पुढें २०१७ सालीं शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, व तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकीं एक पारनेर तालुक्यांत राळेगणसिद्धी येथें उभा राहिला.

एवढें असूनहि गरज संपलेली नाहीं. वळवाच्या वादळांत तारा तुटतात. अकोल्याच्या डोंगराळ भागांत पावसाळ्यांत दुरुस्तीस वेळ लागतो. रोहित्र, ज्यास आपण डी.पी. म्हणतों, तें जळालें तर नवें येईपर्यंत वाट पाहावी लागते. शिवाय आपल्याकडे पुष्कळ कुटुंबें गांवठाणांत न राहतां शेतांतील वस्तीवर राहतात. त्यांचा दिवा शेतीच्या वाहिनीवर असतो, आणि त्या वाहिनीवर पूर्ण दाबाची वीज ठराविक तासांपुरतीच येते. प्रवरेच्या कांठीं उंसांतून बिबट्या फिरतो, अशा ठिकाणीं अंगणांत दिवा असणें हेंहि लहान काम नव्हे. तेव्हां हा पाठ शहरापेक्षां वस्तीलाच अधिक लागू आहे.

२. कोणतें यंत्र काय करितें

बॅटरी म्हणजे हौद होय. तींत वीज सांठते. तिच्यावर लिहिलेला अँपिअर-तासांचा आंकडा म्हणजे हौदाची मापणी. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची, व अँपिअर म्हणजे चारींतून वाहणाऱ्या पाण्याचा लोंढा. व्होल्टांस अँपिअरांनीं गुणिलें असतां वॅट निघतात, आणि प्रत्यक्ष काम वॅटांवरून मोजावयाचें असतें.

चार्जर बाहेरची वीज घेऊन हौद भरतो. इन्व्हर्टर हौदांतील वीज काढून घरांतील दिव्यापंख्यांस योग्य अशी करून देतो. आपल्याकडील घरगुती यंत्रांत हे दोन्ही एकाच पेटींत असतात. बाहेरची वीज आली कीं पेटी दोन कामें एकदम करूं लागते: घरास वीज पुढें सोडिते आणि त्याच वेळीं बॅटरी भरूं लागते. ही गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व घोटाळा येथूनच उत्पन्न होतो.

३. जनरेटर म्हणजे महावितरणाची तार नव्हे

महावितरणाची वीज म्हणजे वाहती नदी आहे. तींतून एक घागर घेतली काय आणि दहा घेतल्या काय, नदीस कळत नाहीं. चार्जर बनविणारानें हेंच मनांत धरून पेटी अशी केलेली असते कीं, वीज येतांच बॅटरीनें भरपूर प्रवाह ओढावा.

जनरेटर हा गाडीचा बैल आहे. त्याच्या ताकदीपुरतें ओझें भरलें तर तो दिवसभर चालेल. जास्त भरलें तर तो पहिल्या चढासच बसेल. वीज गेली, चार तास घर बॅटरीवर चाललें, बॅटरी उतरली, मग कोणी जनरेटर सुरू केला. त्या क्षणीं घराचा भार त्याजवर पडतो आणि भुकेली बॅटरीहि तोंड उघडून बसलेली असते. अशा वेळीं जनरेटरचा वेग उतरतो, व्होल्ट खालीं येतात, पेटी ती वीज नाकारून पुन्हां बॅटरीवर जाते. भार सुटतांच जनरेटर सावरतो, पेटी पुन्हां ती वीज घेते, जनरेटर पुन्हां वाकतो. दर थोड्या वेळानें खट्-खट् असा आवाज येत राहतो. घरच्यांस वाटतें कीं यंत्र बिघडलें. तें बिघडलेलें नसतें. बैलावर दुप्पट ओझें पडलेलें असतें.

४. आधीं हिशेब

एक उदाहरण घेऊं. समजा, वस्तीवरील एका घरांत हवेंतून ऑक्सिजन वेगळा काढणारें यंत्र आहे. तें ३५० वॅट घेतें. एक पंखा ७० वॅट, दोन एल.ई.डी. दिवे मिळून २० वॅट, व मोबाइलसाठीं १० वॅट. एकूण भार ४५० वॅट झाला.

बॅटऱ्या दोन, प्रत्येकी १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची. दोन्ही एकापुढें एक जोडून २४ व्होल्ट. सांठा २४ गुणिले १५०, म्हणजे ३,६०० वॅट-तास. हा आंकडा कागदावरचा. शिशाची बॅटरी नेहमीं अर्ध्याखालीं उतरविली तर तिचें आयुष्य लवकर सरतें, म्हणून अर्धा सांठा धरावा: १,८००. इन्व्हर्टर स्वतः कांहीं वीज खातो, म्हणून त्यांतून पांचवा भाग वजा करावा: १,४४०. यास ४५० नें भागिलें असतां तीन तासांहून थोडें अधिक येतें. तेव्हां या घरास बॅटरीचा आधार तीन तासांचा आहे, सबंध रात्रीचा नाहीं, हें घरच्यांस आजच ठाऊक असलें पाहिजे. आणीबाणीच्या रात्रीं कळून उपयोग नाहीं. ज्या घरीं असा रोगी आहे, तेथें यंत्रें कितीहि चांगलीं असलीं तरी भरलेलें एक ऑक्सिजनचें नळकांडें राखून ठेवावें व त्याविषयीं डॉक्टरांस आधींच विचारून घ्यावें. ऑक्सिजनच्या यंत्रांत मोटर असते, आणि मोटर सुरू होतांना क्षणभर पुष्कळ अधिक वीज ओढते. म्हणून इन्व्हर्टर शुद्ध लाटेचा, ज्यास साइनवेव्ह म्हणतात, तसलाच व ताकदीनें सढळ असा घ्यावा.

५. चार्जिंगचा प्रवाह: दोन मर्यादा, आणि लहान ती खरी

या सर्व जुळणींत एक आंकडा मुख्य आहे, तो चार्जिंगच्या प्रवाहाचा. त्यास दोन बाजूंनीं मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा बॅटरीची. पाणी घालावयाच्या ट्यूब्युलर बॅटरीस साधारणपणें तिच्या अँपिअर-तासांचा दहावा भाग प्रवाह मानवतो. १५० ची बॅटरी असेल तर १५ अँपिअर. दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडल्या तरी हा आंकडा १५ च राहतो, कारण त्यांतून प्रवाह एकच वाहतो. दोन बॅटऱ्या शेजारीं शेजारीं, म्हणजे समांतर जोडल्या, तर मात्र तो दुप्पट होतो.

दुसरी मर्यादा जनरेटरची. समजा, जनरेटरवर अखंड चालण्याची शक्ति १,६०० वॅट अशी लिहिली आहे. क्षणभर मिळणारी मोठी शक्तीहि त्याच पाटीवर छापलेली असते; ती हिशेबांत धरूं नये. अखंड शक्तीचाहि पांचवा भाग राखून ठेवावा. उरले १,२८०. त्यांतून घराचे ४५० वजा जातां ८३० राहिले. चार्जरला मिळेल तें एवढेंच.

आतां १५ अँपिअरनें बॅटरी भरावयास किती लागेल? भरतेवेळीं बॅटरीचे व्होल्ट २८.८ पर्यंत चढतात. २८.८ गुणिले १५ म्हणजे ४३२ वॅट. चार्जर स्वतः कांहीं खातो, म्हणून ०.८ नें भागावें: ५४० वॅट. परंतु साध्या घरगुती चार्जरमध्यें आणखी एक खोड असते. तो वीज सारखी न ओढतां लाटेच्या माथ्यावर झटक्याझटक्यानें ओढतो, त्यामुळें जनरेटरच्या वेटोळ्यांवर प्रत्यक्ष वॅटांपेक्षां अधिक भार पडतो. त्यासाठीं पुन्हां ०.७ नें भागावें: सुमारें ७७० झाले. हे ८३० च्या आंत आहेत, जुळणी बसली.

हाच चार्जर ३० अँपिअरवर ठेविला असता तर ओझें दुप्पट, म्हणजे १,५४० झालें असतें, व घराचे ४५० मिळून जवळजवळ २,००० होऊन जनरेटर बसला असता. आणि जनरेटर जर फक्त ८०० वॅटांचा असेल, तर त्याचे उपयोगी ६४० वॅट. त्यांतून ४५० गेल्यावर चार्जरसाठीं १९० उरतात, व तेवढ्यांत चार अँपिअरहि भरतां येत नाहींत. असा जनरेटर रोग्याचें यंत्र चालवील, पण बॅटरी भरूं शकणार नाहीं. तो विकत घेण्यापूर्वी हा हिशेब केला, तर पैसे वांचतील.

प्रवाह कमी कसा करावा? कित्येक पेट्यांच्या मागें लहान स्विच असतो व त्यावर १० आणि १५ अशा खुणा असतात. कित्येकांत समोरील पडद्यावर यादींतून आंकडा निवडावा लागतो. सौर पॅनेलसह चालणाऱ्या पेट्यांत सूर्याकडून भरण्याचा प्रवाह वेगळा व बाहेरील विजेनें भरण्याचा प्रवाह वेगळा ठरविलेला असतो. जनरेटरसाठीं दुसरा कमी करावयाचा, पहिला नव्हे. उंची किंमतीच्या यंत्रांत आणखी एक सोय असते: बाहेरून एकंदर किती अँपिअर घ्यावे ही सीमाच ठरवितां येते. आमच्या उदाहरणांत ती १,२८० भागिले २३०, म्हणजे सुमारें साडेपांच अँपिअर ठेवावी. मग घरांत पंखा वाढला कीं यंत्र आपण होऊन चार्जिंग कमी करितें, व पंखा बंद झाला कीं वाढवितें. ज्यास यांपैकीं कांहींच सोय नाहीं, त्यानें जनरेटर चालू असेपर्यंत घराचा इतर भार बंद ठेवावा, किंवा कमी प्रवाहाचा वेगळा चार्जर घ्यावा.

६. बॅटरीचा प्रकार व तिचे व्होल्ट

यंत्रास बॅटरीची जात सांगावी लागते. पाण्याच्या ट्यूब्युलर बॅटरीस १२ व्होल्टांच्या प्रत्येक नगामागें भरण्याचे व्होल्ट सुमारें १४.४ व भरल्यानंतर धरून ठेवण्याचे सुमारें १३.७ असतात, दोहोंच्या जोडीस अनुक्रमें २८.८ व २७.४. बंद, पाणी न लागणाऱ्या बॅटरीस भरण्याचे व्होल्ट थोडे कमी लागतात, आणि पाण्याच्या बॅटरीस कधींमधीं जो मुद्दाम जास्त दाब देतात तो तीस कदापि देऊं नये. तिच्यांतील ओल एकदां गेली कीं परत घालतां येत नाहीं. लिथियमच्या बॅटरीस तिच्या बनविणारानें दिलेलेच आंकडे ठेवावे; शिशाच्या बॅटरीचा चार्जर तीस सरसकट लावूं नये. लिथियमची बॅटरी फार मोठा प्रवाह आनंदानें गिळते, म्हणून लहान जनरेटर तिच्यासमोर अधिकच लवकर बसतो. तेथें मर्यादा जनरेटरनेंच ठरवावी.

आपल्याकडील उन्हाळाहि हिशेबांत घेतला पाहिजे. हे आंकडे साधारणतः २५ अंशांच्या उष्णतेसाठीं असतात. चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या खोलींत पारा ४० च्या वर जातो. शिशाच्या १२ व्होल्ट बॅटरीस दर अंशामागें सुमारें दोन ते तीन शतांश व्होल्ट कमी करावे लागतात. पंधरा अंश वाढले तर १४.४ च्या जागीं सुमारें १४ पुरे. चांगल्या यंत्रांत उष्णता मोजणारी तार असते व ती बॅटरीच्या अंगास लावावयाची असते. ती नसेल तर बॅटरी सावलींत, वारा खेळेल अशा जागीं ठेवावी आणि उन्हाळ्यांत पाणी वरचेवर पाहावें. पाणी घालावयाचें तें शुद्ध केलेलें, म्हणजे डिस्टिल्ड. विहिरीचें किंवा नळाचें कधींहि नव्हे.

बॅटरी किती उतरल्यावर इन्व्हर्टरनें थांबावें, हाहि आंकडा असतो. पुष्कळ यंत्रें १२ व्होल्टांमागें १०.५ च्या आसपास थांबतात. ही शेवटची पायरी होय. बदलण्याची सोय असल्यास ती ११.५ च्या सुमारास ठेवावी. दिवा थोडा आधीं विझेल, पण बॅटरी अधिक वर्षें टिकेल.

७. येणाऱ्या विजेची खिडकी

प्रत्येक पेटी बाहेरून येणारी वीज पारखते व मर्यादेबाहेरची नाकारते. बहुतेक घरगुती यंत्रांत यासाठीं दोन रीति असतात. यूपीएस नांवाच्या अरुंद रीतींत साधारण १८० ते २६० व्होल्टांची वीज घेतली जाते; नॉर्मल किंवा इको नांवाच्या रुंद रीतींत सुमारें १०० ते २९० पर्यंतची. अरुंद रीति संगणकासाठीं बरी, कारण तींत वीज गेल्याचें जाणवत नाहीं. परंतु रात्रीं सगळे शेतीपंप एकदम चालू होऊन दाब १६० वर येतो तेव्हां ती खेड्यांत नडते: तारेंत वीज असूनहि पेटी ती घेत नाहीं, व सकाळपर्यंत बॅटरी रिकामी होते. जनरेटरचेंहि असेंच आहे. महावितरणाच्या विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. लहान जनरेटर रिकामा असतां त्यांपुढें जातो आणि भार पडतांच मागें येतो. म्हणून जनरेटरवर पेटी रुंद रीतीवर ठेवावी, आणि आवर्तनांची मर्यादा बदलतां येत असेल तर ४५ ते ५५ ठेवावी. मात्र रुंद रीतींत कमीजास्त व्होल्ट तसेच घरांत शिरतात, हें विसरूं नये. रोग्याच्या यंत्रास व संगणकास मध्यें स्टॅबिलायझर द्यावा.

८. जनरेटर किती वेळ चालवावा

कांहीं लोक बॅटरी पूर्ण भरेपर्यंत जनरेटर चालवितात. हें इंधन जाळणें आहे. बॅटरी रिकामी असतांना पुष्कळ घेते. चार पंचमांश भरली कीं तिचें तोंड लहान होत जातें. आमच्या उदाहरणांत अर्ध्यापासून चार पंचमांशापर्यंत ४५ अँपिअर-तास भरावयाचे आहेत. १५ अँपिअरनें तीन तासांच्या पलीकडे थोडा वेळ पुरे. उरलेले ३० भरावयास मात्र चार तास किंवा अधिकहि लागतील, आणि तेवढा वेळ जनरेटर जवळजवळ तितकेंच पेट्रोल पीत राहील. म्हणून जनरेटरनें चार पंचमांश भरावें व थांबावें. शेवटचा हिस्सा महावितरणाची वीज आल्यावर अथवा सूर्याच्या पॅनेलनें भरूं द्यावा. पण शिशाची बॅटरी आठपंधरा दिवसांतून एकदां तरी पुरती भरली पाहिजे. अर्धवट राहिल्यास तिच्या पत्र्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि ती म्हातारी होते.

९. वायरमनचा जीव

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. पुष्कळ घरीं जनरेटरच्या तारेस दोन्ही टोकांना पिना लावून ती भिंतींतील खोबणींत खुपसतात. घरांत दिवे लागतात खरे. पण तीच वीज मीटरमधून उलट बाहेर पडून खांबावर जाते, आणि डी.पी. तिला २३० व्होल्टांवरून हजारों व्होल्टांवर चढविते. वाहिनी बंद आहे असें समजून जो वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याचा हात त्या तारेस लागतो. त्याच्या घरींहि मुलेंबाळें वाट पाहत असतात. आपला एक दिवा लागावा म्हणून दुसऱ्याच्या घरचा दिवा कायमचा विझविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

उपाय स्वस्त व सोपा आहे. महावितरण, मध्यें बंद, आणि जनरेटर अशा तीन जागांचा बदलस्विच, ज्यास चेंजओव्हर म्हणतात, तो परवानाधारक माणसाकडून बसवून घ्यावा. त्यानें फेज व न्यूट्रल दोन्ही तोडल्या पाहिजेत, आणि एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी लागतां कामा नये. जनरेटरची तार पेटीच्या आंत येणाऱ्या बाजूस द्यावी, बाहेर जाणाऱ्या बाजूस कधींहि नव्हे; तेथें दोन विजा समोरासमोर भिडून पेटी जळते. पेटीची पिन ज्या खोबणींत आहे, त्या खोबणीस त्याच पेटीची वीज येत नाहीं ना, हेंहि पाहावें. नाहीं तर बॅटरी स्वतःलाच भरूं पाहते व फुकट रिकामी होते.

जनरेटर घरांत, ओसरींत किंवा बंद गोठ्यांत चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं व रंग नाहीं. निजलेलें माणूस जागें न होतांच जातें. तो खिडकीदारांपासून दूर, उघड्यावर, पावसाचा थेंब न लागेल असा ठेवावा. पेट्रोल घालतांना तो बंद करून थंड होऊं द्यावा. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो, म्हणून तिच्याजवळ विडीकाडी व समई नको. बॅटरीच्या तारेवर जवळच फ्यूज असावा, आणि तिच्यावर काम करतांना हातांतील आंगठी व बांगडी काढून ठेवावी.

१०. चालविण्याचा क्रम

वीज गेल्यावर आधीं बॅटरीवर राहावें. तिचा सांठा अर्ध्यावर येतांच जनरेटर सुरू करावा व दोनतीन मिनिटें रिकामा चालूं द्यावा. मग बदलस्विच फिरवावा. पेटीनें वीज घेतली, चार्जिंगची खूण लागली, जनरेटरचा सूर स्थिर झाला, कीं जुळणी बरोबर आहे असें समजावें. बंद करतांना उलट: आधीं स्विच मधल्या जागीं, मग कांहीं मिनिटें रिकामें चालणें, मग थांबविणें. महावितरणाची वीज परत येतांच घाई करूं नये. ती पांचदहा मिनिटें टिकते कीं नाहीं हें पाहून मग स्विच तिकडे न्यावा.

हे आंकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पेटीजवळ लावावे: घराचा भार, बॅटरीचे तास, चार्जिंगचे अँपिअर व हा क्रम. घरांतील कर्ता पुरुष नेहमींच घरीं नसतो. सूनबाईस, शाळेंतून आलेल्या मुलास, शेजाऱ्यासहि तो कागद वाचून यंत्र चालवितां आलें पाहिजे. आणि उजेडीं, वीज असतांना, महिन्यांतून एकदां ही सर्व रीत करून पाहावी. अंधारांत प्रथमच करावयास गेलें म्हणजे हात चुकतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. तुमच्या घरीं अथवा शाळेंत वीज गेल्यावर चालू राहिलेंच पाहिजे असें काय काय आहे? त्याचे वॅट लिहून बेरीज करा.
२. तुमच्या बॅटरीचा अर्धा सांठा किती तास पुरेल?
३. बॅटरीची मर्यादा १५ अँपिअर व जनरेटरची ९ अँपिअर असेल, तर चार्जर कोणत्या आंकड्यावर ठेवाल, व कां?
४. पेटी दर थोड्या वेळानें खट्-खट् करीत असेल तर प्रथम कोणत्या दोन गोष्टी तपासाल?
५. तुमच्या गांवांत दोन्ही टोकांना पिना असलेली तार कोणी वापरतो काय? त्यास हें समजावून सांगावयास केव्हां जाल?

पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहावीं. पांचव्याचें उत्तर वहींत लिहून पुरणार नाहीं. त्यासाठीं शेजाऱ्याच्या दारीं जावें लागेल.